पदरमोड करून घेतलेले उपचार: एका जुनाट पाठदुखीचा पूर्ण हिशेब

रुग्णालयाच्या वेदना-उपचार विभागात समाजसेविका म्हणून काम करताना रुग्णाच्या आजाराइतकाच त्याचा घरखर्चही माझ्यासमोर येतो. पुढचं प्रकरण तिथलंच आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि पैशांचे आकडे रकमेत न देता प्रमाणात दिले आहेत. घरात महिन्याला येणारं एकूण उत्पन्न 100 भाग धरलं आहे आणि बाकी सगळा खर्च त्या मापात मांडला आहे. त्यामुळे कुणालाही स्वतःच्या घराशी ताडून पाहता येईल.

पार्श्वभूमी

रुग्ण एका शाळेत शिक्षिका. वय चाळिशीच्या पुढे. त्यांना इथे बाई म्हणू. पतीचं काम कंत्राटी, त्यामुळे मिळकत कमीजास्त होणारी. मुलगा कॉलेजात, सासूबाई घरात. बाईंना तीन वर्षांपासून कंबरेत दुखत होतं. एमआरआय झाला होता. नस दबलेली नव्हती, शस्त्रक्रियेची गरज नव्हती. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळ्या आणि फिजिओथेरपी सुचवली. गोळ्यांनी पित्त व्हायचं. शिवाय बाईंना रक्तदाबाचा त्रास होता आणि या प्रकारच्या वेदनाशामक गोळ्यांनी रक्तदाब वाढू शकतो, हे त्यांना सांगितलेलं होतं. फिजिओथेरपीच्या काही सिटिंग झाल्या, घरी करायचे व्यायाम मिळाले, ते दीड-दोन महिने चालले आणि मग सुटले.

अशा वेळी माणूस दुसरी वाट शोधतो, आणि त्यात काही चुकीचं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही जुनाट कंबरदुखीसाठी सुरुवात औषधांशिवायच्या उपायांनी करावी असं म्हटलं आहे. त्या यादीत व्यायामाबरोबर योग, ताई-ची हा संथ हालचालींचा चिनी व्यायाम आणि ॲक्युपंक्चर म्हणजे सुया टोचून केला जाणारा उपचारही आहे. म्हणजे बाई ज्या दिशेने गेल्या ती दिशा वैद्यकशास्त्राला अमान्य नव्हती.

प्रश्न पैशाचा होता. घराचा विमा होता, पण तो रुग्णालयात दाखल झाल्यावरचा. बाह्यरुग्ण उपचार त्यात नव्हते. हे उपचार कुणाच्या खिशातून होतात, हे बऱ्याचदा तुम्ही कुठे राहता यावर ठरतं. स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टरांनी दिलेल्या काही पूरक उपचारपद्धती 2017 पासून सक्तीच्या मूळ विम्यात कायमस्वरूपी आहेत, तर फ्रान्सने होमिओपॅथीच्या औषधांची भरपाई 2021 पासून बंद केली. बाईंच्या वाट्याला जे आलं ते जगात बहुतेकांच्या वाट्याला येतं: पावती घ्यायची आणि पैसे आपले आपण भरायचे.

घराचा हिशेब असा होता. 100 पैकी घराचा हप्ता 27, किराणा आणि स्वयंपाकघर 23, मुलाचं शिक्षण 14, प्रवास, वीज आणि फोन मिळून 11, सासूबाईंची औषधं 4, विमा 3. हे झाले 82. बचतीचा मासिक हप्ता 8. उरले 10, त्यात कपडे, आला-गेला, दुरुस्ती आणि बाईंची रक्तदाबाची गोळी.

अडचण कशी वाढत गेली

पहिल्या महिन्यात बाईंनी आठवड्यातून दोनदा ॲक्युपंक्चर सुरू केलं. एका सिटिंगला 1 भाग. आठ सिटिंगचे 8 आणि जाण्यायेण्याचा 1, एकूण 9. हे घराला झेपत होतं. ओढाताण होती, पण कर्ज नव्हतं. आणि गुण आला. शाळेत सलग दहा मिनिटंही उभं राहवत नव्हतं, ते आता पंचवीस मिनिटं जमू लागलं.

महिनाअखेरीस केंद्रात पॅकेज पुढे आलं. चोवीस सिटिंग, आगाऊ भरल्यास 24 ऐवजी 17 भागांत. वापरली नाहीत तर पैसे परत नाहीत. पतीला ही सूट चांगली वाटली आणि क्रेडिट कार्डावर रक्कम भरली गेली. त्याच महिन्यात कुणाच्या तरी सांगण्यावरून आठवड्याला एक मसाज सुरू झाला, महिन्याला 4 भाग. तिसऱ्या महिन्यापासून वनौषधींचं एक चूर्ण आणि गोळ्या, आणखी 6 भाग. पाचव्या महिन्यात पहिलं पॅकेज संपलं म्हणून दुसरं घेतलं, तेही कार्डावर.

महिन्यांचे खर्च ओळीने मांडले तर 9, 23, 12, 12, 29 आणि 12. सहा महिन्यांत 97 भाग. जवळपास एका महिन्याचं सगळं उत्पन्न. यातला एकही खर्च घेताना घरात कुणालाही तो अवाढव्य वाटला नव्हता. प्रत्येक वेळी समोर असायची ती एका सिटिंगची, एका डबीची किंवा एका पॅकेजची किंमत. सहा महिन्यांची बेरीज कुणी मांडलीच नव्हती. ती पहिल्यांदा माझ्या टेबलावर झाली, बाईंनी जपून ठेवलेल्या पावत्यांवरून.

सरासरी काढली तर महिन्याला 16 भाग. आरोग्यावरचा खिशातला खर्च घराच्या एकूण खर्चाच्या किंवा उत्पन्नाच्या 10 टक्क्यांवर गेला की तो घराला मोडणारा ठरू शकतो, हे माप संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या मोजणीत वापरलं गेलं आहे. त्याचं कडक रूप 25 टक्क्यांचं. बाईंचं घर सरासरीने पहिली रेषा ओलांडून गेलं होतं आणि पाचव्या महिन्यात दुसरीही. मला मात्र दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: ठरलेले खर्च भागवून या घरात उरत होते 18 आणि त्यातले 16 पाठीवर जात होते.

तोंडमिळवणी कशी झाली तेही पाहू. 34 भाग कार्डावर गेले. बचतीचा हप्ता दुसऱ्या महिन्यापासून थांबला, त्यातून 40 आले. उरलेले 23 किरकोळ खर्चाच्या दहा-दहा भागांतून कातरून काढले. कार्डाची दरमहा फक्त किमान रक्कम भरली जात होती, म्हणजे मूळ कर्ज जवळपास तसंच आणि वर व्याज.

या किरकोळ खर्चातच रक्तदाबाची गोळी होती. बाई ती एक दिवसाआड घेऊ लागल्या होत्या.

ही गोष्ट उघड कशी झाली

त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं ते पैशासाठी नव्हे. नेहमीच्या तपासणीत रक्तदाब 158/96 आला आणि डॉक्टरांना कारण कळेना. औषध वाढवण्याआधी त्यांनी बाईंना माझ्याकडे बसायला सांगितलं.

मी विचारलं, "बाई, गोळ्या रोज होतात ना?"

"होतात तशा." मग थोड्या वेळाने, "मॅडम, रोज नाही होत. डबी दोन महिने पुरवते."

नियमित औषधाची एक डबी दोन महिने पुरवणं म्हणजे काय, हे सांगायला मला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. घेत असलेली सगळी औषधं पुढच्या वेळी पिशवीत घालून आणा, असं मी सांगितलं. त्या पिशवीत चूर्णाची डबी होती. लेबलवरच्या घटकांत ज्येष्ठमध होतं. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात किंवा बरेच दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. हा परिणाम चांगला माहीत असलेला आहे. अधूनमधून दुखणं असह्य झालं की बाई जुनी वेदनाशामक गोळीही घेत होत्या. म्हणजे रक्तदाब वाढवणाऱ्या तीन गोष्टी एकाच वेळी चालू होत्या: अर्धी पडलेली गोळी, ज्येष्ठमध आणि वेदनाशामक. डॉक्टरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं आणि बाईंनी सांगितलं नव्हतं. "तिकडचं इकडे सांगितलं की रागावतात," असं त्या म्हणाल्या. अनेक रुग्णांच्या मनात ही भीती असते आणि ती अगदी निराधार नसते, हे मला इथे ठामपणे म्हणायचं आहे.

वनौषधी म्हणजे निर्धोक, या समजाने घरं पैसा घालवतात आणि वर धोका घेतात. खर्चाचा प्रश्न इथे सुरक्षिततेपासून वेगळा करताच येत नाही: ज्या 6 भागांतून चूर्ण येत होतं, त्याच्या एका तुकड्यात महिन्याची रक्तदाबाची गोळी पूर्ण आली असती.

उपचाराचं कार्ड काय सांगत होतं

या प्रकरणात सर्वात उपयोगी कागद निघाला तो ॲक्युपंक्चर केंद्राचा. तिथल्या उपचारकर्त्यांची एक चांगली सवय होती. प्रत्येक सिटिंगच्या आधी ते वेदना शून्य ते दहामध्ये विचारून कार्डावर पेनाने लिहीत. पहिल्या आठ सिटिंगचे आकडे असे: 7, 7, 6, 6, 6, 5, 5, 5. त्यापुढे पॅकेजच्या पूर्ण काळात 5 आणि 6 यांच्यात ये-जा. शेवटचा आकडा 5.

आम्ही भेटलो तोवर एकूण 45 सिटिंग झाल्या होत्या: सुट्या 8, पहिल्या पॅकेजच्या 24 आणि दुसऱ्यातल्या 13. दोन अंकांची सुधारणा झाली ती पहिल्या आठांत. पुढच्या सदतीस सिटिंगमध्ये आकडा हलला नाही. बाईंनी कार्डावरून बोट फिरवत हे स्वतःच वाचलं. मला काही बोलावं लागलं नाही.

इथे घाईने निष्कर्ष काढू नये. सदतीस सिटिंगमुळेच आकडा 5 वर टिकून राहिला, असंही कुणी म्हणू शकेल. उलट, पाठदुखी मुळातच चढउतारांची. माणूस उपचाराला जातो तो दुखणं टोकाला गेल्यावर, आणि टोकावरून ते बऱ्याचदा आपोआपही उतरतं. म्हणून पहिल्या आठांचं श्रेय तरी पूर्ण सुयांना द्यावं का, हाही प्रश्न आहे. कार्डाने एवढंच सांगितलं की पुढचा खर्च कशासाठी चालू आहे, हे तपासून पाहण्याची वेळ आली आहे.

पर्याय आणि त्यांच्यावर झालेला विचार

पुढच्या भेटीला पतीही आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, सगळं बंद. बाईंची भीतीही सरळ होती. "हे बंद केलं आणि परत आधीसारखं दुखायला लागलं तर? नोकरी उभं राहूनच करायची आहे मला." ही भीती बाजूला सारून आकडेमोड करणं मला पटत नाही. दुखण्यामुळे नोकरी गेली तर घराचं 100 भागांचं उत्पन्नच कोसळणार होतं. त्या दृष्टीने पाहिलं तर 16 भाग हा नोकरी टिकवण्याचा खर्च ठरतो, आणि बाई तो तसाच पाहत होत्या.

त्यामुळे चालू ठेवायचं की बंद करायचं, हा प्रश्न बाजूला ठेवून आम्ही वेगळा प्रश्न घेतला: किती उपचारानंतर फरक दिसायला हवा आणि न दिसल्यास कुठे थांबायचं? याची उत्तरं संशोधनात आणि विमा योजनांच्या नियमांत मिळतात.

जर्मनीत जुनाट कंबरदुखीवर ॲक्युपंक्चरची एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. 1,162 रुग्णांचे तीन गट. एकाला पारंपरिक ॲक्युपंक्चर, दुसऱ्याला ठरलेले बिंदू टाळून वरवर टोचलेल्या सुया, तिसऱ्याला औषधं, व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी पुरेसा फरक पडलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात 47.6 टक्के, दुसऱ्यात 44.2 आणि तिसऱ्यात 27.4. म्हणजे सुयांच्या गटांत जास्त लोकांना बरं वाटलं, पण सुई नेमकी कुठे टोचली याने जवळपास काही बिघडलं नाही. एकाच निकालाची ही दोन वाचनं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्य विम्याने कंबर आणि गुडघ्याच्या जुनाट दुखण्यासाठी ॲक्युपंक्चरचा खर्च उचलायला सुरुवात केली. इंग्लंडमधल्या नाइस या, उपचारांबाबत शिफारशी करणाऱ्या संस्थेने मात्र 2016 मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये अशी शिफारस केली.

आमच्या कामाचा भाग होता तो सिटिंगच्या संख्येचा. त्या जर्मन चाचणीत दहा सिटिंग होत्या आणि अर्धवट फरक पडलेल्यांनाच आणखी पाच. अमेरिकेतल्या मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेत 2020 पासून जुनाट कंबरदुखीसाठी 90 दिवसांत 12 सिटिंगचा खर्च मिळतो, सुधारणा दिसत असेल तरच पुढच्या 8, आणि वर्षाला 20 च्या वर नाही. सुधारणा नसेल तर थांबायचं, असं नियमातच आहे. नाइसने 2021 मध्ये जुनाट प्राथमिक वेदनांसाठी, म्हणजे ज्यांना दुसऱ्या आजाराचं स्पष्ट कारण सापडत नाही अशा वेदनांसाठी, ॲक्युपंक्चरला जागा दिली ती एकाच कोर्सपुरती आणि उपचारकर्त्याच्या पाच तासांच्या मर्यादेत.

विमा योजनेला एक शिस्त असते जी खिशातून पैसे भरणाऱ्या घराला नसते. योजना आधीच मर्यादा ठरवते. घर मात्र बरं वाटेपर्यंत भरत राहतं, आणि जुनाट दुखण्यात पूर्ण बरं वाटण्याचा दिवस बहुधा येतच नाही. बाईंच्या 45 सिटिंग या वरच्या कुठल्याही मर्यादेच्या दुपटीहून जास्त होत्या.

बाकीचे पर्याय आम्ही भरभर पाहिले. शिक्षणसंस्थेच्या दवाखान्यात कमी दराने ॲक्युपंक्चर मिळू शकत होतं, पण शाळेच्या वेळेशी जमत नव्हतं. एका खोलीत अनेकांना एकदम सुया लावणारी स्वस्त पद्धतही असते, ती जवळपास नव्हती. मसाजने दोन दिवस हलकं वाटतं आणि मग पुन्हा तेच, हे बाईंनी आपणहून सांगितलं. चूर्णाचा प्रश्न ज्येष्ठमधानेच सोडवला होता.

उरला गटाने करायचा योगवर्ग. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 320 जुनाट कंबरदुखीचे रुग्ण होते, बहुतेक कमी उत्पन्न गटातले. बारा आठवडे आठवड्यातून एक खास आखलेला योगवर्ग आणि घरी सराव, हे फिजिओथेरपीपेक्षा कमी पडलं नाही. गटाचा वर्ग महिन्याला 2 भागांत होत होता. बाईंनी सोडलेले व्यायामही फुकट होते, पण एकटीने ते टिकत नाहीत हे तीन वर्षांत दिसलं होतं.

काय केलं

सर्वात आधी रक्तदाबाची गोळी रोज सुरू झाली आणि चूर्ण बंद. डॉक्टरांना सगळी यादी दाखवली. ते रागावले नाहीत.

मग दुसऱ्या पॅकेजच्या शिल्लक अकरा सिटिंगचं काय करायचं? पतीचं मत होतं की पैसे भरलेच आहेत तर पटापट वापरून टाकाव्यात. हा विचार फार घरांत येतो आणि मला तो मोडून काढावासा वाटतो, कारण भरलेले पैसे गेलेलेच असतात. आता विचार करायचा तो त्या अकरा सिटिंगचा जास्तीत जास्त उपयोग कधी होईल याचा. बाईंना भीती होती ती दुखणं परत उफाळण्याची. म्हणून त्या सिटिंग त्याच दिवसासाठी राखून ठेवायच्या ठरल्या. बाईंनी केंद्राला विनंती केली. पैसे परत मिळाले नाहीत, पण मुदत वर्षभर वाढवून मिळाली. उपचारकर्त्यांनी हे आनंदाने केलं आणि दोन सिटिंगमध्ये किती अंतर ठेवायचं याचा सल्लाही दिला.

त्यानंतर चार आठवडे ॲक्युपंक्चर आणि मसाज पूर्ण थांबवून पाहायचं ठरलं. या काळात दोन नोंदी रोज: वेदनेचा आकडा आणि शाळेत सलग किती मिनिटं उभं राहता आलं. दुसरी नोंद मी मुद्दाम मागितली. वेदनेचा आकडा मनःस्थितीप्रमाणे हलतो, पण फळ्याजवळून खुर्चीकडे किती वाजता वळलो ते घड्याळ सांगतं. योगवर्ग आणि जुने व्यायाम याच काळात सुरू झाले. काटेकोर पाहिलं तर हे चूक, एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी. पण दुखणाऱ्या माणसाला महिनाभर काहीच न करता ठेवणं मला आणि डॉक्टरांनाही योग्य वाटलं नाही.

कागदाच्या तळाशी एक ओळ लिहिली आणि दोघांनी ती वाचली: पाठीच्या कोणत्याही उपचारांचा महिन्याचा एकत्र खर्च 6 भागांच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि नवा उपचार सुरू करायचा तर जुना एक थांबवून.

निष्पत्ती

चार आठवड्यांत आकडा 5 च्या आसपास राहिला. तिसऱ्या आठवड्यात एकदा 7 पर्यंत उसळला. बाईंनी राखीव सिटिंगपैकी दोन वापरल्या आणि तो उतरला. तीन महिन्यांनी आकडा 4 वर आला आणि उभं राहण्याची वेळ चाळीस मिनिटांवर, म्हणजे जवळपास शाळेची एक तासिका संपेपर्यंत. 7 वरून 4 हा फरक महत्त्वाचा मानला जातो, कारण वेदनेत साधारण 30 टक्के उतार रुग्णाला जाणवेल असा असतो. रक्तदाब 134/84.

महिन्याचा खर्च साडेतीन भागांवर आला: योगवर्ग 2, महिन्यातून एक मसाज 1, प्रवास अर्धा. बचतीचे 8 आणि वाचलेले 3 मिळून कार्डाचं कर्ज फेडायला लावले. चौथ्या महिन्यात ते संपलं. बचत त्यानंतरच परत सुरू झाली, म्हणजे या पाठदुखीपायी घराची बचत जवळपास पाऊण वर्ष थांबली होती. हे नुकसान भरून निघालेलं नाही, आणि ते मुलाच्या शेवटच्या वर्षाच्या शुल्कात जाणवणार आहे.

महिन्यातला तो एक मसाज पतीला खटकला. मी बाईंची बाजू घेतली. मसाजाने पाठ बरी होत नाही हे त्यांना कळलं होतं, पण त्या एका तासात अंग मोकळं होतं हेही खरं. हा खर्च उपचाराच्या नावाखाली न घालता स्वतःच्या आरामाचा म्हणून किरकोळ खर्चात घातला. आरामावर खर्च करण्याचा हक्क कमावत्या बाईला आहे. उपचार म्हणून घेतला की तो थांबवता येत नाही आणि वाढवत न्यावासा वाटतो. आराम म्हणून घेतला की त्याची मर्यादा आपोआप दिसते.

निर्णयाचे टप्पे पुन्हा पाहताना

पहिलं पॅकेज हा सर्वात महत्त्वाचा टप्पा. चोवीस सिटिंग 17 भागांत म्हणजे सतराव्या सिटिंगनंतरच सवलतीचा फायदा सुरू होतो. बारानंतर थांबावं लागलं तर एकेक सिटिंग सुटी घेऊन 12 भाग आणि पॅकेज घेऊन 17. म्हणजे सूट घ्यायची तर आधी हे ठरायला हवं होतं की सतराहून जास्त लागतीलच. तो प्रश्न कुणी विचारला नाही. आधीच्या आठ सिटिंगमधला वेदनेचा उतरता आलेख डोळ्यांसमोर असताना चार-चारच्या हिश्शाने पुढे गेलं असतं तर बहुधा बारा ते सोळाच्या दरम्यान थांबता आलं असतं आणि क्रेडिट कार्डाला हात लावावा लागला नसता.

पहिल्या महिन्यानंतर मसाज आणि चूर्ण एकामागोमाग एक सुरू झाले, तेव्हा काय लागू पडतंय हे कळायचं साधनच गेलं. एकात गुण येत असताना दुसरं सुरू करण्याचं कारण विचारलं तर बाई म्हणाल्या, "थोडं बरं वाटलं, मग अजून बरं वाटावं असं वाटलं." हे समजण्यासारखं आहे. म्हणूनच हा टप्पा उपचारकर्त्याने ओळखायला हवा. कार्डावर आकडा स्थिरावलेला दिसत असताना दुसरं पॅकेज विकण्याऐवजी "आता महिनाभर थांबून पाहू" हे वाक्य केंद्रातून यायला हवं होतं. नोंद इतकी नीट ठेवणाऱ्याला हे अवघड नव्हतं.

आमच्या बाजूनेही एक जागा आहे. बाह्यरुग्ण विभागात आजाराचा इतिहास घेताना दोन साधे प्रश्न घालायला हवेत: आणखी कुठले उपचार चालू आहेत आणि त्यांना महिन्याला किती जातात. दुसऱ्या प्रश्नाने रक्तदाबाच्या गोळीची गोष्ट दोन-तीन महिने आधी बाहेर आली असती. आता आमच्या विभागाच्या कागदावर हे दोन्ही रकाने आहेत.

आणि एक मर्यादा. हे प्रकरण जुनाट कंबरदुखीचं आहे, जिथे महिनाभर थांबून पाहिल्याने जीव धोक्यात येत नाही. कर्करोगात हीच पद्धत चालणार नाही. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातील संशोधकांच्या 2018 मधल्या अभ्यासात, बरा होऊ शकणारा कर्करोग असताना प्रस्थापित उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. तिथे खर्च किती हा प्रश्न नंतरचा आहे.

बाईंचं घर आता विम्याच्या नूतनीकरणापाशी आहे. बाह्यरुग्ण उपचारांची जोड घेतली तर वर्षाचा हप्ता 12 भागांनी वाढतो. बिलाच्या 60 टक्के परत मिळतात, तेही नोंदणीकृत उपचारकर्त्याकडे गेल्यास, आणि योगवर्ग व मसाज त्यात नाहीत. पुढच्या वर्षात फिजिओथेरपी आणि लागलंच तर ॲक्युपंक्चर मिळून 9 भाग खर्च धरला आहे. त्यातले परत मिळतील साडेपाचाच्या आत. हिशेब मांडून दोघांनी जोड घेतली नाही आणि ते 12 भाग वेगळ्या खात्यात ठेवायचं ठरवलं.